विचर ३ सोडू का पुढे खेळू? : प्रश्नचिन्हं बंद करा, माणसांच्या मागे जा

तुमचा प्रश्न असा आहे. विचर ३ हा व्हिडिओ गेम सेलमधे घेतला, स्कायरिम हा दुसरा गेम आधी शेकडो तास खेळून झालाय, इथे तीसेक तास झालेत, लेव्हल ९ वर आहात आणि व्हेलन या भागाच्या नकाशावरची प्रश्नचिन्हं एकेक करून पुसत चाललाय. लढाई म्हणजे बाजूला हो, दोन वार कर, परत बाजूला हो. पिशवी कुठल्या कुठल्या तलवारींनी भरलेली. तिथल्या सरदाराच्या, म्हणजे बॅरनच्या बायकोची खोली तपासून झाली आणि मग ते काम तसंच टाकून तुम्ही नकाशावर फिरताय. सगळे म्हणतात हा आजवरचा सर्वोत्तम आरपीजी (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम), मग माझंच काही चुकतंय का, रोज ऑफिसनंतर मिळणारा एक-दीड तास यात घालवू की नको, आणि लॅपटॉपवर रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारं ग्राफिक्स) लावलं की गेम अडखळतो त्याचं काय.

मी पुण्यात गेम डिझाइनमधे काम करते, मुख्यतः क्वेस्ट (गेममधल्या कामगिऱ्या) आणि लेव्हल डिझाइन, आणि आमच्याकडे नवीन कोणी आलं की विचर ३ चा विषय निघतोच, कधी "असं जमलं पाहिजे" म्हणून आणि तितक्याच वेळा "हे असं करू नका" म्हणून. त्यामुळे उत्तर आधीच सांगते. सोडू नका, पण आत्ता ज्या पद्धतीने खेळताय ती पद्धत आजच्या आज बंद करा. तुम्ही या गेमची सगळ्यात कच्ची बाजू धरून बसलात, आणि त्यात तुमचा दोष नाही, गेमच तुम्हाला तिकडे ढकलतो. माझ्या मते हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष आहे, लढाईपेक्षाही मोठा, आणि लोक तो फारसा बोलून दाखवत नाहीत कारण ज्यांना गेम आवडला ते नकळत दुसऱ्या वाटेने खेळलेले असतात.

आता एक गोष्ट तुमच्यावर अवलंबून आहे, ती म्हणजे स्कायरिममधे तुम्हाला नेमकं काय आवडलं. तिथे तुम्ही कोण हे तुम्हीच ठरवता, चोर व्हा, जादूगार व्हा, मेन क्वेस्टला हात न लावता घर घेऊन लग्न करून राहा. टेबलावरचा पेलासुद्धा उचलता येतो, दुकानदार रात्री दुकान बंद करून झोपायला जातो, समोरच्या डोंगराकडे नुसतं चालायला लागलं तरी वाटेत काहीतरी सापडतं. जग आधी, गोष्ट नंतर. विचर ३ मधे बरोबर उलटं आहे. गेराल्ट, म्हणजे तुम्ही ज्याला चालवता तो विचर (पैसे घेऊन राक्षस मारणारा), हा अर्धंअधिक आयुष्य जगून झालेला माणूस आहे, त्याच्या ओळखी, त्याची भांडणं, त्याची जुनी प्रेमं हे सगळं तुम्ही कंट्रोलर हातात घ्यायच्या आधीपासूनचं आहे, कारण ती पात्रं मुळात पोलिश लेखक आंद्झेय सापकोव्स्की यांच्या कथा-कादंबऱ्यांतून आलीयेत आणि वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट रेडने त्यांचं पुढचं आयुष्य रचलंय. तुम्हाला नवा माणूस घडवायचा नाहीये, एका तयार माणसाने अडचणीच्या वेळी काय करावं एवढंच ठरवायचंय. स्कायरिममधला आनंद जर "माझा माणूस मी घडवला" हाच असेल तर खाली लिहिलेलं काहीही उपयोगी पडणार नाही, गेम सोडलात तरी चालेल. पण तिथल्या गावांमधल्या भानगडी, कोण कुणाशी खोटं बोलतंय, हे आवडत असेल तर तुम्ही ऐन दारात उभे आहात.

दारात म्हणजे अक्षरशः, त्या बॅरनच्या घरात. ती खोली आठवा. बॅरन सांगतो बायको आणि मुलगी गायब झाल्या, शोधून दे, मग मी तुला सिरीबद्दल सांगतो (गेराल्टने लेकीसारखी वाढवलेली मुलगी, तो तिलाच शोधतोय). तुम्ही वर जाता. भिंतीवर एक चित्र टांगलंय, ते बाजूला केलं की मागे भिंतीला भोक पडलेलं. वाइन सांडल्याचा वास आहे. म्हणजे इथे मारामारी झालीये आणि कुणीतरी ती झाकायचा प्रयत्न केलाय, आणि घरात ते करणारं कोण असणार हे बॅरनने एक शब्द न बोलता तुम्हाला कळलेलं असतं. डिझाइनच्या दृष्टीने हे फार अवघड काम आहे. खेळाडूला माहिती द्यायची पण तोंडाने सांगायची नाही, आणि ज्याने काम दिलंय त्याच्यावरच संशय यायला लावायचा, तेही त्याचा राग न येता, कारण पुढे त्याच माणसाबद्दल वाईटही वाटलं पाहिजे. पावेल सास्को यांनी हा भाग डिझाइन केलाय आणि गेम २०१५ साली आला तरी आजही मी नवीन लोकांना तो खेळायला लावते, अगदी वही घेऊन. तुम्ही नेमके इथे थांबलात. यानंतर लगेच जे येतं, एका पावसाळी रात्री बॅरनला स्वतःच्या हातांनी एक काम करावं लागतं, ते मी सांगणार नाही, पण इतर ओपन वर्ल्ड गेममधे तुम्ही असं काही बघितलं नसेल याची खात्री देते.

आणि हे फक्त मोठ्या क्वेस्टमधे आहे असं नाही. सुरुवातीच्या व्हाइट ऑर्चर्डमधे एक म्हातारी झोपडीच्या बंद दाराशी उभी असते, तिचा तवा आत राहिलाय. बऱ्याच जणांनी ही क्वेस्ट दोन मिनिटांत उरकलेली असते. पण आत नीट बघितलंत तर एक प्रेत आहे, जळलेले कागद आहेत, एका डोळ्याचा चष्मा पडलाय, आणि तवा घासून चकाचक केलेला आहे, कारण कुणीतरी त्यावरची काजळी खरवडून शाई केली. म्हणजे म्हातारीच्या तव्यामागे युद्धकाळातली हेरगिरी आहे. म्हातारीला त्याचं काही नाही, तिला तवा स्वच्छ मिळाला याचंच कौतुक. एवढ्याशा कामात इतका विचार करणारी टीम फार कमी असते, कारण त्यासाठी लेखक, डिझायनर आणि खोली सजवणारा आर्टिस्ट तिघं एका टेबलावर बसावे लागतात आणि वेळापत्रकात तेवढी जागा असावी लागते.

तिसरी ताकद म्हणजे परिणाम उशिरा येतात. नेहमीच्या गेममधे निवड केली की पाच मिनिटांत कळतं चुकलं का बरोबर, मग आपण सेव्ह लोड करून दुसरं बटण दाबतो. विचर ३ मधे व्हेलनमधेच पुढे तुम्हाला एका टेकडीखाली अडकलेलं काहीतरी भेटेल, त्याचं ऐकायचं का नाही हे तुम्ही ठरवाल, आणि त्याचा हिशोब बऱ्याच वेळाने, वेगळ्या गावात, वेगळ्याच माणसांच्या बाबतीत चुकता होईल. तोपर्यंत सेव्ह इतकी मागे राहिलेली असते की तुम्ही परत जात नाही, आहे ते स्वीकारता. शिवाय दोन्ही बाजूंना कुणाचं तरी नुकसान आहेच, स्वच्छ उत्तर ठेवलेलंच नाहीये. आमच्याकडे असं काही करायचं म्हटलं की पहिला आक्षेप येतो की खेळाडूला कळणारच नाही हे कशामुळे झालं, आणि तो आक्षेप चुकीचा नाही. इथेही काही ठिकाणी तसं होतं. सिरीचा शेवट काय होणार हे मोठ्या लढायांत ठरत नाही, शेवटच्या भागातल्या मोजक्या संवादांत ठरतं, आणि त्यातला एखादा पर्याय इतका साधा वाटतो की माणूस सहज निवडतो आणि मग हळहळतो. मला ते आवडतं, पण ज्यांना राग येतो त्यांचंही मला पटतं. इतकंच सांगून ठेवते, सिरीशी बोलताना तिच्या भल्याचं म्हणून तिच्यासाठी सगळं ठरवू नका.

आता दोष. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण तुमचा कंटाळा इथून येतोय.

प्लेटेस्टमधे म्हणजे लोकांना गेम खेळायला देऊन मागे बसून बघताना एक गोष्ट दर वेळी दिसते. नकाशावर खूण दिसली की माणूस तिकडे जातो. नंतर विचारलं तर सांगतो की मजा नाही आली, पण जातोच, कारण अर्धवट राहिलेली खूण बोचते. व्हेलनच्या नकाशावर अशा खुणा ढिगाने आहेत आणि त्यातल्या बहुतेकांच्या मागे गोष्ट नाहीये, पेटी आहे, दरोडेखोरांचा तळ आहे, राक्षसांचं घरटं आहे. मिळतं काय तर आत्ता तुमच्याकडे आहे तसलीच तलवार. जी टीम एका तव्यासाठी इतका जीव टाकते त्याच टीमने नकाशा भरायला हे का केलं असेल? मला वाटतं उत्तर साधं आहे, एवढं मोठं जग रिकामं दिसून चालत नाही आणि हाताने लिहिलेल्या गोष्टी एवढ्या जागेला पुरत नाहीत, मग अंतर भरायला काहीतरी पेरावं लागतं. ते पेरलेलं आणि ते लिहिलेलं एकाच नकाशावर एकाच आकाराच्या खुणांनी दिसतं, ही खरी गडबड. स्केलिगे बेटांवर पोचलात की समुद्रात तरंगणारी चोरट्या मालाची पिंपं दिसतील, प्रत्येकाशी जाऊन बोट थांबवायची, उडणाऱ्या सायरन हाकलायच्या, बुडी मारायची. कृपा करून तिकडे जाऊ नका.

गंमत म्हणजे कंपनीलाही हे कळलेलं आहे. डिसेंबर २०२२ मधे जो मोठा मोफत अपडेट आला, ४.०, त्यात नकाशाचं फिल्टर बदललं आणि प्रश्नचिन्हं आणि बोटींच्या खुणा मुळातच बंद ठेवल्या. तुमच्याकडे त्या दिसतायत म्हणजे एकतर तुम्ही फिल्टर "ऑल"वर नेलंय किंवा जुनी आवृत्ती खेळताय. नकाशा उघडा, फिल्टर परत डीफॉल्टला आणा. फक्त शक्तिस्थळं म्हणजे ते कोरीव उभे दगड, प्लेसेस ऑफ पॉवर, वाटेत दिसले तर सोडू नका, पहिल्यांदा हात लावला की एक स्किल पॉइंट मिळतो.

लेव्हलचं गणितही असंच गोष्टीच्या विरोधात जातं. या गेममधे अनुभवाचे पॉइंट बहुतेक सगळे क्वेस्टमधून मिळतात, राक्षस मारून फारसे मिळत नाहीत, म्हणून इतकं फिरूनही तुम्ही ९ वरच आहात. आणि एखादी क्वेस्ट तुमच्या लेव्हलच्या ६ खाली गेली की ती राखाडी दिसायला लागते आणि तिचे पॉइंट जवळजवळ शून्य होतात. म्हणजे मन लावून सगळं करणाऱ्या माणसाला गेम दंड करतो. उलट्या बाजूने, एखादी छान दिसणारी क्वेस्ट लाल आकड्यात असते, तिथे गेलात तर साधा दरोडेखोर तुम्हाला दोन फटक्यांत लोळवतो, आणि तुम्ही म्हणता हा तर परवाच्यासारखाच दिसतोय, मग याला एवढी ताकद कुठून आली. जग खरं वाटावं म्हणून केलेली सगळी मेहनत तो डोक्यावरचा आकडा वाया घालवतो. तलवारींचंही तेच. कुठल्या तरी प्राचीन थडग्यातून नाव असलेली तलवार काढायची आणि पुढच्या गावातल्या चोराकडे तिच्यापेक्षा चांगली निघायची. यावर उपाय आहे, विचरांच्या घराण्यांचे चिलखत-तलवारींचे सेट. त्यांचे आराखडे शोधायच्या खास ट्रेझर हंट आहेत, ग्रिफिन सेट लेव्हल ११ ला चालतो, वुल्फ १४, कॅट १७ आणि बेअर २०. ग्रिफिनचे आराखडे तुम्ही आहात तिथे व्हेलनमधेच आहेत. तो एक बनवून घ्या, त्यालाच पुढे सुधारत न्या, बाकी सगळं लोखंड विकून किंवा मोडून टाका. पिशवीचा प्रश्न तिथेच मिटतो.

लढाईबद्दल तुमची तक्रार अर्धी बरोबर आहे. शत्रू किती लांब आहे त्यावर गेम ठरवतो गेराल्ट कुठला वार करणार, त्यामुळे तुम्हाला झटकन एक वार हवा असतो आणि तो स्वतःभोवती गिरकी घेत पुढे जातो आणि तेवढ्यात पाठीवर फटका बसतो. चालण्यातही जडपणा आहे, पहिल्या काही आठवड्यांतच इतक्या लोकांनी ओरड केली की जुलै २०१५ च्या १.०७ पॅचमधे चालण्याची दुसरी पद्धत द्यावी लागली. गेमप्ले सेटिंगमधे मूव्हमेंट रिस्पॉन्स आहे, ते अल्टरनेटिव्ह करा, फरक लगेच कळेल. कडेला, घरात, दाराच्या अरुंद जागेत कॅमेरा अडतो त्याला मात्र इलाज नाही.

दुसरी अर्धी तक्रार डिफिकल्टीमुळे आहे. तुम्ही बहुधा खालून दुसऱ्या पातळीवर आहात. तिथे ध्यानाला बसलं की जखमा भरतात, क्वेन (संरक्षक कवचाची जादू) लावून तलवार फिरवली की काहीही मरतं, मग तलवारीला तेल लावायची, काढे बनवायची गरजच उरत नाही, आणि विचरच्या लढाईतला खरा रस त्या तयारीतच आहे. व्हाइट ऑर्चर्डमधली विहिरीवरची ती दुपारची हडळ आठवत असेल. बेस्टियरी (गेममधली राक्षसांची माहिती) वाचली तर कळतं की ती यर्डेन या जादूच्या सापळ्याच्या वर्तुळात आली की धूसर राहत नाही, तिला वार लागतात. तेल कुठलं लावायचं तेही तिथेच लिहिलंय. पण नुसतं मारून भागत नाही, ती कोण होती ते शोधावं लागतं, विहिरीत उतरून तिचं ब्रेसलेट काढावं लागतं आणि तिच्या अवशेषांबरोबर जाळावं लागतं, मग ती लढायला समोर येते. इथे वाचन, तपास आणि तलवार तिन्ही एकत्र आलेत. सोप्या पातळीवर हीच लढाई नुसती बटणं बडवून जिंकता येते, म्हणून ती लक्षात राहत नाही. तिसरी पातळी, ब्लड अँड ब्रोकन बोन्स, लावून बघा, ती कधीही बदलता येते. मात्र दिवसभर काम करून थकून खेळायला बसत असाल आणि त्या वेळी मरायचा वैताग नको असेल तर अजिबात लाजू नका, सर्वात सोप्या पातळीवर गोष्ट तेवढीच चांगली आहे. आत्ताची दुसरी पातळी तेवढी टाळा, ती धड इकडची नाही धड तिकडची नाही.

दोन गोष्टी गेम नीट शिकवत नाही. स्किल पॉइंट खर्च केला तरी ते स्किल स्लॉटमधे बसवल्याशिवाय चालू होत नाही, आणि शेजारी त्याच रंगाचं म्युटाजेन (राक्षसांपासून मिळणारा, ताकद वाढवणारा पदार्थ) लावलं तर जोर वाढतो, बऱ्याच लोकांचे पॉइंट नुसते पडून असतात. आणि काढे एकदाच बनवायचे, नंतर जवळ कडक दारू असली की ध्यानाला बसल्यावर आपोआप भरतात, त्यामुळे साठवून ठेवू नका, वापरा.

विचर सेन्सबद्दल (पुरावे दाखवणारी गेराल्टची खास दृष्टी) तुम्ही काही लिहिलं नाहीत पण पुढे जाणवणार आहे म्हणून सांगते. बटण दाबायचं, पावलांचे ठसे लाल दिसतात, त्यांच्या मागे जायचं, गेराल्ट पुटपुटतो, परत लाल ठसे. शंभरातल्या कितीतरी क्वेस्टचा सांगाडा हाच आहे. क्वेस्ट लिहिणाऱ्याला हे फार सोयीचं पडतं, जगात कुठेही पुरावा पेरला तरी खेळाडू चुकत नाही, पण त्यामुळे खेळाडूला स्वतः काही शोधावं लागत नाही, तपास गेराल्ट करतो आणि आपण त्याला चालवतो. बॅरनच्या खोलीत ते खपून गेलं कारण जे सापडतं ते भारी आहे. तिसाव्या वेळी गायब झालेल्या व्यापाऱ्याच्या गाडीमागे लाल ठसे बघत जाताना तेच खपत नाही. एका बसणीत दोनपेक्षा जास्त कॉन्ट्रॅक्ट (पैसे घेऊन राक्षस मारायची कामं) घेऊ नका एवढाच उपाय मला माहिती आहे.

मुख्य गोष्टही सगळीकडे सारखी चांगली नाही. व्हेलन उत्तम. मग नोव्हिग्राडला गेलात की डँडेलियन या गेराल्टच्या कवी मित्राला शोधायचं एवढं लांबतं की सिरी बाजूला पडते, याला भेट, तो म्हणतो आधी माझं काम कर, मग त्याला भेट. शहर अप्रतिम आहे, मी नुसती चालत फिरलेय तिथे, पण त्या टप्प्यात बरेच लोक गेम सोडतात आणि मला त्यांचं आश्चर्य वाटत नाही. स्केलिगेमधे वारा, बर्फ आणि पर्सिव्हल या पोलिश बँडच्या आवाजामुळे परत जीव येतो, राजा कोण होणार ही क्वेस्ट सोडू नका. कॅर मोरेन या विचरांच्या किल्ल्यावरची लढाई हा शिखराचा भाग आणि त्याच्यानंतर मात्र गेम घाईत गेल्यासारखा वाटतो, एरेडिन हा मुख्य खलनायक असून त्याला बोलायला जागाच दिलेली नाही, आणि डायक्स्ट्रा या माजी हेरप्रमुखासारखा हुशार माणूस एका राजकीय क्वेस्टच्या शेवटी इतका बावळटपणा करतो की ते पटत नाही. इतक्या बारकाईने लिहिणाऱ्यांनी ते का सोडलं असेल कुणास ठाऊक, वेळ संपला असावा असं मला वाटतं.

म्हणून मग हा "सर्वोत्तम" आहे का? २०१५ चा गेम ऑफ द इयर मिळाला, २०२३ पर्यंत ५ कोटींच्या वर प्रती गेल्या, पण तुमच्यासाठी तो आकडा काही कामाचा नाही. माझं मत असं की जग म्हणून स्कायरिम जास्त जिवंत आहे, लढाई म्हणून एल्डन रिंग हा गेम कितीतरी पुढे आहे, आणि माणसं म्हणून विचर ३ च्या जवळपास या दोन्हीतलं कोणीच नाही. ज्याला जे हवं ते त्याने बघावं. तुम्ही मात्र आत्तापर्यंत त्यातली माणसं सोडून बाकी सगळं खेळलात.

तर क्रम असा ठेवा. आज बॅरनकडे परत जा आणि त्याची क्वेस्ट शेवटपर्यंत न्या, मधे दुसरं काही घेऊ नका, दोन-तीन संध्याकाळी पुरतील. ती संपल्यावरही काही हललं नाही तर खुशाल अनइन्स्टॉल करा, कारण याहून चांगलं व्हेलनमधे काही नाही आणि मी ते मनापासून सांगतेय. आवडलं तर पुढे मेन क्वेस्ट, नावं असलेल्या साइड क्वेस्ट (विशेषतः ज्यांत ट्रिस, येनिफर, केइरा या जादूगारणी किंवा विचर मंडळी आहेत) आणि गावातल्या नोटीस बोर्डवरची कॉन्ट्रॅक्ट एवढंच. तुम्हाला रोज तासभर मिळतो, तर एक कॉन्ट्रॅक्ट एका बसणीत आरामात होतं, मोठी क्वेस्ट अर्धी सोडायची वेळ आली तर संवाद संपल्यावर सोडा, म्हणजे दुसऱ्या दिवशी धागा लागतो. ग्वेंट हा गेममधला पत्त्यांचा खेळ आवडला तर खेळा, नाही आवडला तर सोडला तरी काही अडत नाही.

डीएलसीचं (नंतर आलेल्या जोडकथांचं) विचारलं नाहीत पण सेलमधे कंप्लीट एडिशन घेतली असेल तर दोन्ही आत आहेतच. हार्ट्स ऑफ स्टोन साधारण लेव्हल ३० ला आणि ब्लड अँड वाइन ३४ च्या आसपास. पहिला दहाएक तासांचा आहे आणि मुख्य गेममधे जे चुकलं ते त्यात दुरुस्त झालंय, पात्रं थोडी, खलनायक असा की तो नुसता बोलायला लागला तरी अस्वस्थ व्हायला होतं. इतका वेळ नसेल तर मुख्य मेनूमधून नवीन गेम सुरू करताना थेट या दोनपैकी एक निवडता येतो, तयार लेव्हलचा गेराल्ट मिळतो. मी सहसा असं सुचवत नाही पण वेळेची फार ओढाताण असलेल्या माणसाने मुख्य गेम अर्धवट सोडण्यापेक्षा हार्ट्स ऑफ स्टोन पूर्ण करावा, तेच बरं.

राहिला लॅपटॉप. ४.० अपडेटपासून पीसीवर गेम सुरू करताना डायरेक्टएक्स ११ आणि १२ असे दोन पर्याय असतात. रे ट्रेसिंग फक्त १२ मधे आहे आणि ते प्रोसेसरवरही बराच भार टाकतं, त्यामुळे व्हेलनच्या माळावर बरं चालतं आणि नोव्हिग्राडच्या बाजारात गर्दी आली की कोसळतं. ११ वर चालवा, रे ट्रेसिंगचा विषयच काढू नका, सावल्या आणि झाडांची घनता एकेक पायरी खाली आणा आणि टेक्श्चर मात्र ग्राफिक्स कार्डची मेमरी परवानगी देईल तेवढे वर ठेवा, कारण या गेममधे तुम्ही सगळ्यात जास्त वेळ माणसांच्या चेहऱ्यांकडे बघणार आहात. तरीही अडखळत असेल तर लॅपटॉपचं मॉडेल आणि रॅम किती आहे ते कळवा, बघून सांगते.